कॅमेऱ्याला सांगावं लागतं

माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला येणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. "कुठला कॅमेरा घेऊ?" आणि "सगळं मॅन्युअल मोडवरच करायचं ना?" पहिल्याचं उत्तर : आत्ता हातात आहे तो. फोन असला तरी चालेल. दुसऱ्याचं उत्तर : इतक्यात नको. मॅन्युअलवर गेलं की माणूस समोर बघायचं सोडून आकडे फिरवत बसतो, आणि समोरचं मूल तेवढ्यात हसून, रडून, उठून निघूनही जातं.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. कॅमेरा मोजमाप फार चांगलं करतो, पण आपण काय मोजतोय हे त्याला कळत नाही. हल्लीचे कॅमेरे चेहरा ओळखतात, डोळाही शोधतात. तरी त्या चेहऱ्यात तुम्हाला काय हवंय, मागची खिडकी जपायची की पुढचा माणूस, धावणारा पाय थिजलेला हवा की फराटा उमटलेला हवा, हे त्याने कसं ओळखावं? तो अंदाज करतो. हा अंदाज कुठे कुठे चुकतो आणि तिथे त्याला काय सांगायचं, एवढं कळलं तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. म्हणून मी नेहमीच्या क्रमाने शिकवत नाही. ॲपर्चर, शटर, आयएसओ नंतर. आधी एक प्रयोग.

पांढरा कागद, काळं कापड

एक कोरा पांढरा कागद आणि एक काळं कापड घ्या. दोन्ही एकाच उजेडात, शेजारी शेजारी ठेवा. कॅमेरा ऑटोवर किंवा 'पी' मोडवर, म्हणजे उजेडाचा हिशेब कॅमेराच करेल. आता फक्त कागद दिसेल असं जवळ जाऊन एक फोटो काढा, मग तसाच फक्त कापडाचा. कडेची जमीनही दिसता कामा नये. कॅमेरा फोकस होत नाही म्हणून कुरकुरला तर कागदावर पेनाने एक रेघ मारा, कापडाला एक सुरकुती पाडा.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. कागद मळका राखाडी आलाय आणि कापड विटल्यासारखं राखाडी. कॅमेरा बिघडलेला नाही. त्याचं उजेड मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोरचं सगळं सरासरी काढलं तर मध्यम राखाडी भरेल, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं. बहुतेक दृश्यांना हा हिशेब बरोबर लागू पडतो. कागद दिसला की तो म्हणतो, बाप रे, फार उजेड आहे, कमी करा. कापड दिसलं की म्हणतो, अंधार आहे, वाढवा.

बर्फाचे फोटो मळकट का येतात, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाचा चेहरा काळवंडतो का, काळं मांजर करडं का दिसतं, या सगळ्यांचं उत्तर या दोन फोटोंत आहे. खिडकीसमोर उभा केलेला माणूस सावलीसारखा काळा येतो, तोही याच कारणाने. चौकटीत खिडकीचा उजेड जास्त, म्हणून सरासरी वर गेली आणि कॅमेऱ्याने सगळंच खाली ओढलं.

उपाय एका बटणावर आहे. बटणावर अधिक आणि उणे अशी खूण असते, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. कागदासाठी ते अधिक एक ते अधिक दोनपर्यंत न्या, कापडासाठी उणे एकच्या आसपास. कागद पांढरा होतो, कापड काळं होतं. फोनवर ज्या गोष्टीचा फोटो काढायचाय तिच्यावर बोट टेकवा, शेजारी बहुधा सूर्याचं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवा. चिन्ह न घेता नुसतं बोट सरकवूनही काही फोनांवर हेच होतं.

पांढरं असेल तर वाढवा आणि काळं असेल तर कमी करा, हे ऐकायला उलटं वाटतं. मनाला म्हणावंसं वाटतं की पांढरं आधीच उजळ आहे, अजून कशाला? म्हणून प्रयोग हाताने करा. नुसतं वाचून हे लक्षात राहत नाही.

एक सावधगिरी. वाढवण्याच्या नादात पांढरा भाग पार जळू देऊ नका. जळाला म्हणजे तिथे कसलाच तपशील उरला नाही, कोरा पांढरा ठिपका. तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. सावलीतला तपशील मात्र बराचसा वर काढता येतो. बहुतेक कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू करून ठेवा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, दिसत असेल तर त्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेलाय का, एवढंच बघा. बाकी त्याचा आकार 'सुंदर' असायलाच हवा असं काही नसतं.

स्टॉप म्हणजे काय आणि तीन किल्ल्या

उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप कमी झाला. सगळा हिशेब याच मापात चालतो. तीन किल्ल्या म्हणजे उजेड कमी-जास्त करायचे तीन मार्ग : शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे, आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो.

शटर स्पीडमध्ये हे सरळ दिसतं : १/६०, १/१२५, १/२५०, १/५००. दर पायरीला वेळ निम्मा. आयएसओतही तसंच : १००, २००, ४००, ८००. ॲपर्चरचे आकडे मात्र सगळ्यांना छळतात : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हे असे वेडेवाकडे का? तर हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, तो मोठा तितकं दृश्य जवळ येतं) भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ/४ वर असेल तर साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणजे दोन स्टॉप गेले. एकच स्टॉप कमी करायचा तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.४ ने भागावं लागतं. आकडे पुन्हा बघा, प्रत्येक जण आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे. आकडा मोठा म्हणजे भोक लहान, हेही यातूनच येतं, वेगळं पाठ करायला नको.

आता खरी गंमत. एफ/८ आणि १/१२५, एफ/५.६ आणि १/२५०, एफ/४ आणि १/५००. आयएसओ तेवढाच ठेवला तर तिन्ही फोटो सारखेच उजळ येतील. मीटरच्या दृष्टीने तिन्ही बरोबर. पण पहिल्यात मागचं झाड बऱ्यापैकी दिसेल आणि धावणारा मुलगा कदाचित पुसट येईल. तिसऱ्यात मुलगा थिजेल आणि मागचं झाड विरघळेल. कुठला फोटो हवा हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही, ते तुम्हीच सांगायचं.

शटरचा वेग काय करतो याचं माझं आवडतं उदाहरण फार जुनं आहे. १८३८ साली फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला. भर वर्दळीचा रस्ता, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, काही मिनिटांचं असल्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं पुसून गेलं. राहिला तो खाली कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तेवढा वेळ तो जागचा हलला नव्हता.

तुमच्या कामाचे आकडे : शांत बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या मुलांना १/५००, खेळाच्या मैदानावर १/१००० किंवा जास्त. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर अर्धा सेकंद किंवा अधिक, आणि मग ट्रायपॉड लागणारच. हे ढोबळ आहेत. माणूस कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर कमी वेगातही भागतं, आडवा जात असेल तर जास्त लागतो.

हाताचं हलणं ही वेगळी भानगड. जुना ठोकताळा असा की शटर स्पीड फोकल लेंग्थइतका तरी असावा : ५० मिलिमीटरला १/५०, २०० ला १/२००. कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण फ्रेमपेक्षा लहान असेल, क्रॉप फॅक्टर (पूर्ण फ्रेम त्याच्या किती पट मोठी ते) १.५ असेल, तर त्याने गुणा, म्हणजे २०० ला १/३००. लेन्समधला किंवा बॉडीतला स्टॅबिलायझर, म्हणजे हाताचा हलका कंप सावरणारी सोय, यात बरीच सूट देतो, पण ती फक्त तुमच्या हाताला. समोरच्या माणसाचं हलणं तो थांबवू शकत नाही. स्टॅबिलायझर आहे म्हणून १/१५ वर नाचणाऱ्या मुलीचा फोटो काढणारे मला दर बॅचमध्ये भेटतात.

धरायचं कसं हेही सांगते, कारण सांगितल्याशिवाय कोणी धरत नाही. डावा हात लेन्सच्या खाली, तळवा वर, म्हणजे वजन तळव्यावर येतं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. श्वास सोडता सोडता बटण दाबायचं, आणि दाबायचं म्हणजे बोट टोचायचं नाही, हळूच दाब वाढवत न्यायचा. अंधार असेल तर सलग तीन फोटो घ्या. मधला बरेचदा सर्वांत स्थिर असतो, कारण पहिल्याला बटण दाबल्याचा आणि शेवटच्याला सोडल्याचा धक्का बसलेला असतो. फोनवर हेच काम दोन हातांनी आणि टायमर लावून करा.

फोटो अस्पष्ट आला की लोक म्हणतात, "फोकस गेला." थांबा, आधी निदान करा. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. सगळंच, अगदी भिंतीवरचा खिळासुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला. भिंत तीक्ष्ण आहे पण हात-पाय पुसट आहेत? मग माणूस हलला, शटर वाढवा. काहीच ओढलेलं नाही, पण डोळ्याऐवजी कान तीक्ष्ण आहे, किंवा मागचा पडदा? हा खरा फोकसचा दोष. तिन्ही दोषांचं औषध वेगळं आहे, आणि पहिल्या दोन्हींवर नवी महागडी लेन्स घेऊन उपयोग होत नाही.

ॲपर्चरबद्दल मला एकच तक्रार करायची आहे. एफ/१.८ ची लेन्स हाती आली की काही महिने सगळेच फोटो एफ/१.८ वर निघतात. जवळून काढलेल्या चेहऱ्यात एक डोळा तीक्ष्ण, दुसरा विरघळलेला. घरातली चार माणसं ओळीत बसवली तर एकच जण स्पष्ट, बाकीचे धुक्यात. एका माणसाला एफ/२.८ ते एफ/४ पुरतं. गटाला एफ/५.६ ते एफ/८, आणि सगळ्यांना शक्य तितकं एका ओळीत, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर बसवा. निसर्गदृश्याला एफ/८ ते एफ/११. त्यापुढे एफ/२२ वर गेलात तर सगळं स्पष्ट होण्याऐवजी चित्र किंचित मऊ होतं, कारण बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो.

उलट, कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या तुमच्या किट लेन्सला एफ/५.६ च्या खाली जाता येत नसेल तरी मागचं धूसर करता येतं. माणसाच्या जवळ जा, झूम जितका पुढे जाईल तितका न्या, आणि माणसाला भिंतीपासून चांगलं लांब पुढे आणा. या तिघांत शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पाठ भिंतीला टेकवून उभा केलेला माणूस एफ/१.८ वरही भिंतीपासून सुटत नाही.

आयएसओची भीती मनातून काढा. तो वाढवला की फोटोत दाणे येतात, हे खरं. पण १६०० किंवा ३२०० वर आलेले दाणे आजच्या कॅमेऱ्यांत फोनच्या पडद्यावर दिसतसुद्धा नाहीत, आणि सॉफ्टवेअरने कमी करता येतात. हललेला फोटो सरळ करता येत नाही. दोन्हींत निवडायचं झालं तर मी डोळे मिटून दाणे घेते.

मग कॅमेरा ठेवायचा कुठल्या मोडवर? ॲपर्चर प्रायॉरिटी, काही कॅमेऱ्यांवर 'ए', काहींवर 'एव्ही'. आयएसओ ऑटो, आणि मेनूत शोधून त्याला किमान शटर स्पीड १/१२५ घाला, घरात लहान मूल असेल तर १/२५०. आता तुमच्या हातात दोनच गोष्टी राहिल्या, ॲपर्चर आणि ते अधिक-उण्याचं बटण. बाकीचं कॅमेऱ्याला करू द्या. मॅन्युअल लागतं ते उजेड स्थिर आणि चौकट बदलती असेल तेव्हा, उदाहरणार्थ रंगमंचावर, किंवा बरेच फोटो जोडून एक लांबलचक चित्र करायचं असेल तेव्हा. एक ठोकताळा मात्र मॅन्युअलसाठी पाठ असू द्या : लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओइतका. म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१००. मीटर नसलेल्या कॅमेऱ्यांवर लोकांनी आयुष्यभर या आधारावर फोटो काढले.

खिडकी आणि खुर्ची

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण इथेच फोटो बनतो.

दिवसा एक खिडकी निवडा जिच्यातून थेट ऊन येत नाही, नुसतं आकाश दिसतं. खोलीतले सगळे दिवे बंद करा. हे महत्त्वाचं आहे. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळा), दिवसाचा ५५०० च्या आसपास, ढगाळ असेल तर त्याहून निळसर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरून पांढरं पांढरं दाखवणारी सोय, यांतला एक रंग सावरू शकतो, दोन्ही एकदम नाही. मग अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळा येतो आणि तो सुधारता सुधारता रात्र होते.

खिडकीपासून एक मीटरवर खुर्ची ठेवा आणि कोणाला तरी बसवा, खिडकी त्याच्या एका खांद्याकडे येईल अशी. कॅमेरा बाजूला ठेवून आधी नुसतं बघा. खिडकीकडचा गाल उजळ आहे, दुसरा अंधारात. आता त्याला सांगा, मान हळूहळू खिडकीकडे वळव. नाकाची सावली बघत राहा. सुरुवातीला ती पलीकडच्या गालावर लांब पडलेली असते. मान वळते तशी ती आखडते, आणि एका क्षणी अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उमटतो. तिथे "थांब" म्हणा. आता डोळे बघा. दोन्ही बुबुळांत खिडकीचा चौकोन चमकतोय का? नसेल तर हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा. तो चौकोन आला की डोळे जिवंत दिसतात.

आता खुर्ची खिडकीपासून आणखी मागे न्या, तीन मीटरवर. उजेड कमी झाला, हे कॅमेरा सांगेलच. पण आणखी काहीतरी बदललं. सावलीची कड जास्त कडक झाली. जवळ असताना खिडकी चेहऱ्याच्या मानाने मोठी होती, आता ती लहान झाली. उजेडाचा उगम चेहऱ्याच्या दृष्टीने जितका मोठा, तितकी सावली मऊ. याच नियमाने सूर्य, जो प्रत्यक्षात अवाढव्य असूनही आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, कडक सावली पाडतो. ढग आले की सगळं आकाशच दिवा बनतं आणि सावली विरते. म्हणून ढगाळ दिवशी "आज उजेड नाही" म्हणून कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चेहऱ्यांसाठी तो सोन्यासारखा दिवस.

अंधारातला गाल फारच काळा वाटत असेल तर त्या बाजूला, चौकटीच्या अगदी बाहेर, पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. जवळ आणत जा आणि गाल कसा उजळतो ते बघा. काळी बाजू अजून काळी हवी असेल तर त्याच जागी मघाचं काळं कापड धरा. हा सगळा स्टुडिओ झाला, एकही दिवा विकत न घेता.

बाहेर भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. माणसाला झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत न्या, पण सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून. पाठीमागे ऊन लागलेली भिंत येऊ देऊ नका, नाहीतर कागदाच्या प्रयोगातला राखाडीपणा लगेच हजर. झाडाखाली पानांतून गळणारे कवडसे चेहऱ्यावर पडत असतील तर दोन पावलं सरका. डोळ्यांना ते चालून जातात, फोटोत पांढरे डाग दिसतात. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास सगळे शिफारस करतात, ते खरंच आहे. ऊन तिरपं असतं, हवेच्या जास्त जाड थरातून आलेलं असतं, म्हणून मऊ आणि उबदार.

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश चार-पाच मीटरच्या पुढे फारसा पोहोचत नाही. सभागृहात मागच्या रांगेतून तो उडवलात तर पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. बंद करा.

उभं कुठे राहायचं

झूम केलं की सगळं जवळ येतं, आपण चालत गेलो तरी तेच होतं, मग फरक काय? फरक मोठा आहे. वस्तूंची एकमेकांशी प्रमाणं ठरतात ती तुम्ही किती अंतरावर उभे आहात यावरून. झूम फक्त चौकट कापतो. फोन तोंडापासून हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लपलेले दिसतात, त्यात लेन्सचा दोष कमी आणि अंतराचा जास्त. दोन मीटर मागे जा आणि फोनची दुसरी, लांबची लेन्स वापरा. चेहरा जागच्या जागी बसतो. ती लेन्स नसेल तर मागूनच काढा आणि नंतर कापा. बोटांनी चिमटून केलेला डिजिटल झूम म्हणजे बहुधा तेच कापणं.

एकच फोकल लेंग्थ काही आठवडे वापरून बघा, झूमला हात न लावता. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँने बहुतेक सगळं काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर केलं. झूम नसला की पाय हलतात, आणि पाय हलले की मागचं दृश्य बदलतं, खांब डोक्यामागून बाजूला होतो. मुलांचे फोटो काढायचे तर गुडघ्यावर बसा. मांजराचे काढायचे तर पोटावर झोपा. उभ्याने काढलेल्या मुलांच्या फोटोत डोकं मोठं आणि पाय टीचभर येतात.

बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या कडांवरून फिरवा, चारही कोपरे. कोणाचा अर्धा हात आत शिरलाय का, तारेचा तुकडा, चकाकणारी प्लास्टिकची पिशवी? माणसाला कापायचं असेल तर सांध्यावर कापू नका. मनगट, गुडघा, घोटा इथे चौकट संपली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर कापा, कमरेवर कापा. क्षितिज सरळ ठेवा, समुद्र एका बाजूला सांडतोय असं नको. चौकटीचे तीन-तीन भाग करून वस्तू रेघांवर बसवायचा नियम सगळीकडे सांगतात. पडद्यावर ती जाळी चालू करा, सरळ रेघ धरायला तिचा खरा उपयोग होतो. नियम म्हणून मात्र मी तो फार ताणत नाही. समोरून बघणारा चेहरा, पाण्यातलं प्रतिबिंब, लांब जाणारा जिना यांना मध्यच शोभतो.

फोकसचा बिंदूही तुम्हीच निवडा. सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या हवाली केले तर तो बरेचदा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, मग फांदीमागचा पक्षी जातो आणि फांदी तेवढी स्पष्ट येते. डोळ्याचा शोध घेणारी सोय असेल तर चालू ठेवा, नसेल तर एकच बिंदू ठेवून तो कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर न्या. बसलेल्या माणसाला सिंगल फोकस, धावणाऱ्याला सतत पाठलाग करणारा फोकस. आणि चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरच्या शेजारची इवलीशी चकती शोधा. ती फिरवून आतले आकडे तुमच्या नंबरला स्पष्ट करता येतात. मी सांगेपर्यंत माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना ती तिथे आहे हेच माहीत नसतं, आणि ते बिचारे महिनोन्‌महिने लेन्सला दोष देत असतात. फोनवाल्यांसाठी याच तोडीचं काम म्हणजे लेन्स पुसणं. फोन खिशातून बाहेर आला की काचेवर बोटांचा तेलकट थर असतोच, दिव्यांभोवतीचे फराटे त्याचे.

काढल्यानंतर

मेगापिक्सेलचा मोह धरू नका. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. आज १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून सव्वातेरा बाय दहा इंचांवर छापता येतो. एवढ्या आकाराचे फोटो तुम्ही शेवटचे कधी छापलेत?

रॉ की जेपीईजी, हाही प्रश्न येतोच. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावली वर काढताना, व्हाइट बॅलन्स बदलताना हा फरक कामी येतो. सुरुवातीला दोन्ही एकदम साठवा. जेपीईजी लगेच वापरा, रॉ ठेवून द्या. संपादन शिकाल तेव्हा आजचेच फोटो पुन्हा उघडाल.

निवडणं हे काढण्याइतकंच काम आहे, आणि ते त्याच रात्री करू नका. काढताना मजा आली म्हणून फोटो चांगला वाटतो. दोन-तीन दिवसांनी बसा. पहिल्या फेरीत हललेले, मिटलेल्या डोळ्यांचे, जळालेले काढून टाका. दुसऱ्या फेरीत एकसारख्या फोटोंतला एकच ठेवा. मन तयार होत नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून फक्त कडा बघा, निकाल बहुधा तिथेच लागतो. उरलेल्यांत कापणं, क्षितिज सरळ करणं आणि उजेड थोडा वरखाली करणं एवढंच संपादन करा. रंगांची पट्टी शेवटपर्यंत ओढायचा हात आवरा. गवत तितकं हिरवं नसतं.

कार्ड रिकामं करताना क्रम असा : फोटो संगणकावर घ्या, वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत करा, दोन्हींकडे काही फोटो उघडून बघा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्या मेनूतूनच फॉरमॅट करा. महत्त्वाचे असतील तर तिसरी प्रत घराबाहेर कुठेतरी, ऑनलाइन असली तरी चालेल. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. ते बाजूला ठेवा आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवा. जुन्या फोटोंवर नवे लिहिले गेले नसतील तर बरेचदा ते परत मिळतात.